आई, तू बघितलंस ना?

पत्र थोडक्यात असं आहे. ठाण्यातल्या एक ताई, वय ३९, बँकेत नोकरी, मुलगा साडेसात वर्षांचा. सोसायटीतल्या काही पेरेंट्सनी मिळून दर रविवारी सकाळी जवळच्या टर्फवर आठ वर्षांखालच्या मुलामुलींच्या मॅचेस सुरू केल्यात, एका बाजूला पाच-पाच जण. रेफ्री व्हायला कोणी तयार होईना म्हणून शिट्टी ताईंच्या गळ्यात पडली. फुटबॉल त्या कधीच खेळलेल्या नाहीत, शाळेत खो-खो खेळायच्या. दोन महिने सगळं छान चाललं. मागच्या रविवारी त्यांच्या मुलाच्याच टीमची मॅच होती, १-१ झालेले, शेवटची दोन मिनिटं. मुलाने जवळून जोरात मारलेला बॉल समोरच्या टीममधल्या एका छोट्या मुलीच्या हाताला लागला, तिने घाबरून तोंडासमोर हात धरले होते. अर्धी पोरं ओरडली, हँडबॉल, हँडबॉल! ताईंनी शिट्टी वाजवली नाही. बॉल तसाच पुढे गेला, दुसऱ्या बाजूला गोल झाला आणि मुलाची टीम हरली. घरी जाताना स्कूटरवर मागून प्रश्न आला, "आई, तू बघितलंस ना? मग का नाही वाजवलीस?"

ताई लिहितात, "बघितलं होतं. पण त्या क्षणी डोक्यात एकच आलं, की आत्ता वाजवली तर सगळे म्हणतील पोरासाठी दिली." रात्री ग्रुपवर एका बाबांचा मेसेज पडला, रेफ्रीला निदान रूल्स तरी माहीत असावेत. मुलगा दोन दिवस धड बोलला नाही. आता ताईंना विचारायचंय की शिट्टी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हावं, की नियमांचा नीट अभ्यास करून एकदम कडक रेफ्री व्हावं, आणि मुख्य म्हणजे, मी माझ्याच मुलावर अन्याय केला का?

ताई,

आधी त्या हँडबॉलचंच बोलू, कारण तो तुमच्या डोक्यात अजून फिरतोय हे पत्रावरून दिसतंय. बॉल हाताला लागला की हँडबॉल, असं फुटबॉलच्या नियमात नाहीये. उलट बारा नंबरच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की बॉल हाताला लागला म्हणजे दर वेळी फाउल होतोच असं नाही. खेळाडूने मुद्दाम हात लावला, किंवा हात पसरून उगाच अंग मोठं करून बॉल अडवला, किंवा हाताला लागून थेट गोल झाला, अशा वेळी तो फाउल. सात वर्षांची मुलगी, दोन-तीन फुटांवरून जोरात आलेला बॉल, तिने तोंड वाचवलं. ते तिने ठरवून केलेलं नाही, हात आपोआपच वर जातात. मी तिथे असतो तरी शिट्टी वाजवली नसती, आणि लहान मुलांच्या मॅचेस घेणाऱ्या बहुतेकांनी वाजवली नसती.

म्हणजे निर्णय बरोबर होता. पण तुम्ही तो ज्या कारणासाठी घेतला ते कारण बरोबर नव्हतं, आणि मला वाटतं तुमच्या मुलाला खटकलंय ते हेच. त्याने "हँडबॉल होता" असं म्हटलं नाही, "तू बघितलंस ना" असं विचारलं. या वयाची मुलं आपला चेहरा फार पटकन वाचतात, आई आपल्याकडे बघते आणि मग नजर वळवते हे त्यांना बरोबर कळतं. शिट्टी चुकली तर पोरं पाच मिनिटांत विसरतात, पुढचा बॉल आला की झालं, पण आपलं माणूस बघून न बघितल्यासारखं करतंय हे मात्र मनात राहतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरूनच चाललीय, की निःपक्षपाती राहायचं म्हणजे आपल्या मुलाला थोडं कमी द्यायचं. आपल्याकडे हे फार मुरलेलं आहे. शिक्षकाचा मुलगा वर्गात असला की त्याला सगळ्यांच्या आधी छडी, वडील कोच असले की मुलगा बेंचवर. लोक याचं कौतुकही करतात, बघा किती कडक आहेत म्हणून. पण आपल्या पोराला झुकतं माप देणं जसं चूक तसं त्याला मुद्दाम कमी माप देणंही चूकच, दोन्हीकडे तुम्ही मैदानात काय झालं ते बघत नाही आहात, कडेला उभे असलेले लोक काय म्हणतील ते बघताय. आणि यात समोरच्या टीमचंही भलं होत नाही, उद्या खरंच त्यांच्या एखाद्या मुलीने चिडून तुमच्या मुलाला लाथ मारली आणि तुम्ही गप्प बसलात तर त्या मुलीलाही चुकीचंच कळणार ना.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेचा आणि तालमीचा मान, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानात, रिक्षात, सगळीकडे तोच विषय. रेफ्रीला शिव्या देणं हा जणू तिकिटातच धरलेला हक्क आहे असं समजणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत. पुढे मी बरीच वर्षं लहान मुलांच्या मॅचेस घेतल्या आणि त्यातली एक मॅच मला आजही तशीच्या तशी दिसते. मातीचं ग्राउंड, पहिली-दुसरीतली पोरं, गोलला जुनी नेट बांधलेली. एकाने बॉल मारला, नेट हलली, पोरं नाचायला लागली, मी गोल दिला. तेवढ्यात समोरच्या टीमचा एक बारका, एका बुटाची लेस मातीत लोळतेय, नाकाला शेंबूड, सरळ माझ्याकडे आला आणि माझा शर्ट धरून म्हणाला, "सर, भाइरनं गेलाय." मी म्हटलं, अरे गोल झाला. तो काही शर्ट सोडेना. ओढत नेलं मला नेटपाशी आणि बाजूच्या जाळीत वीतभर भोक पडलेलं त्यात हात घालून दाखवला, "ह्ये बघा की." मग ज्याने बॉल मारला होता त्या पोराकडे मी बघितलं. तो नाचायचा थांबला होता. म्हणाला, "व्हय सर, भाइरनंच गेलाय."

मी गोल रद्द केला. कडेची मोठी माणसं माझ्यावर ओरडली, आधी दिला आणि आता काढून घेतला म्हणून. पण खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी रेफ्रीला स्वतःचा निर्णय बदलता येतो, हे पाच नंबरच्या नियमातच आहे. दोन्ही पोरं लगेच पळाली, गोल किक झाली, खेळ चालू. त्या दिवसापासून मी लहान पोरांच्या मॅचमध्ये सारखा बोलायला लागलो. जे दिसलं ते मोठ्याने सांगायचं, नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणून सांगायचं. "बॉल हाताला लागला, मी बघितलंय, तिने तोंड वाचवलं, फाउल नाही, खेळा खेळा!" एवढं एक वाक्य तुम्ही त्या दिवशी मोठ्याने म्हटलं असतं तर मला नाही वाटत स्कूटरवर तो प्रश्न आला असता. मुलगा चिडला असता, हरल्यावर चिडणारच, पण आईने बघितलं आणि सांगितलं हे त्याला माहीत असतं.

तुम्ही लिहिलंय की मी कधी खेळले नाही, मला काय कळतं. ताई, खो-खोत खांब, आखणी, पाळीची वेळ हे सगळं ज्याने सांभाळलंय त्याला नजर असते. आणि ग्रुपवरचे ते बाबा ज्या रूल्सबद्दल बोलतायत ते बहुतेक टीव्हीवरचे अकरा-अकराचे रूल्स असणार. फुटबॉलचे नियम एकूण १७ आहेत आणि त्या पुस्तकातच सोय करून ठेवलीय की लहान मुलांसाठी मैदान, बॉल, गोलचा आकार, वेळ, बदली खेळाडू हे सगळं बदलता येतं. इंग्लंडमध्ये छोट्यांच्या मिनी सॉकरमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांपर्यंत ऑफसाइड, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या पुढे गोलजवळ आधीच उभं राहून पास घेण्याचा फाउल, नसतोच. अमेरिकेत चार-चार जणांच्या मॅचेसमध्ये गोलकीपरसुद्धा नसतो, आणि तिथे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, बंदी आहे, डोक्याला मार बसू नये म्हणून. त्यामुळे तुमच्या रविवारच्या खेळाचे नियम तुम्हाला सगळ्या पेरेंट्सनी बसून ठरवायला लागतील. एक पान पुरतं. ऑफसाइड नाही, हेडिंग नाही, थ्रो (बाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकणं) चुकला तर एकदा परत द्यायचा, बदली कितीही वेळा, एका टीमवर चार गोल चढले की त्यांचा एक खेळाडू जास्त. ते पान ग्रुपवर टाका आणि पिन करून ठेवा, मग रूल्स कोणाला माहीत आहेत हा वादच उरत नाही.

कडक व्हायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझं म्हणणं, दोन-तीन बाबतीत अगदी कडक व्हा आणि बाकी ठिकाणी हात सैल सोडा. कीपरच्या हातात बॉल आला की लगेच थांबवायचं. जमिनीवर पडलेल्या कीपरच्या हातातल्या बॉलला पोरं पाय घालतात, त्यांना कळत नाही की तिथे हाताची बोटं आहेत आणि मागेच तोंड आहे, त्यामुळे तिथे उशीर नको. डोक्याला काहीही लागलं की खेळ बंद आणि ते मूल त्या दिवसापुरतं बाहेर, ते स्वतः कितीही म्हणालं मी ठीक आहे तरी. तिसरं म्हणजे गोल. टर्फवर सरकवता येणारे हलके गोल असतात ना, त्यावर पोरं लोंबकळतात, ते उलटून मुलं गंभीर जखमी झालेली आहेत, जीवही गेलेत. मॅचच्या आधी स्वतः हलवून बघा, मागे वाळूची पोती किंवा काहीतरी वजन ठेवलेलं पाहिजे, नसेल तर टर्फवाल्याला सांगा आणि ते होईपर्यंत मॅच सुरू करू नका, पंधरा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. हातातलं कडं, कानातलं, गळ्यातली चेन हे काढायलाच लावा, वर चिकटपट्टी लावून चालत नाही. शिन गार्ड, म्हणजे नडगीवरचं पॅड, नसेल तर एखादी जादा जोडी तुमच्या बॅगेत ठेवा म्हणजे कोणाला घरी परत पाठवायला नको.

बाकी सगळं शिकवायचं आहे. थ्रो करताना पाय उचलला तर शिट्टी मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकणं हे मोठ्यांच्या मॅचमध्ये ठीक, इथे जवळ जाऊन "दोन्ही पाय खाली, बॉल डोक्यामागून" असं करून दाखवायचं आणि परत टाकायला द्यायचा. बॉलभोवती आठ पोरांचा घोळका झाला आणि त्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा बसतायत असं दिसलं तर थांबवा आणि ड्रॉप बॉल द्या, म्हणजे रेफ्रीने बॉल हातातून खाली टाकून खेळ परत सुरू करायचा, पण तो जुना नको, दोघांच्या मध्ये टाकून दोघांनी लाथा मारायचा. २०१९ पासून नियम बदललाय, तो एकाच टीमच्या एकालाच मिळतो, घोळक्यात बॉल कोणाकडे जाणार हे सांगता येत नसेल तर ज्या टीमचा पाय बॉलला शेवटचा लागला त्यांच्यातल्या एकाला आणि बाकीच्यांनी चार मीटर लांब थांबायचं. लहान मुलांना तर हा बदल फारच बरा आहे, नडग्या वाचतात.

शिट्टीचं एक. टर्फवर शेजारच्या पिंजऱ्यात दुसरी मॅच चालू असते, तिकडे शिट्टी वाजली की आपली पोरं जागच्या जागी उभी राहतात, आणि एखादा पळत जाऊन गोल मारतो, मग रडारड. म्हणून शिट्टी कमी आणि आवाज जास्त. सुरुवातीला पोरांना रिंगण करून उभं करा, गुडघ्यावर बसा, आपला आवाज ऐकवा, "माझा हात वर दिसला तरच थांबायचं" असं ठरवून घ्या आणि दोनदा खोटं खोटं थांबून बघा, त्यांना ते फार आवडतं.

कार्डं घेऊच नका. तुम्हाला माहितीय का, ही पिवळी-लाल कार्डं का आली? १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिनाची मॅच झाली, रेफ्री जर्मन, अर्जेंटिनाचा कॅप्टन स्पॅनिश बोलणारा, कोणाला ताकीद दिली आणि कोणाला बाहेर काढलं यावरून प्रचंड गोंधळ झाला. केन अॅस्टन म्हणून इंग्लिश रेफ्री होते, त्यांना सिग्नलच्या दिव्यांवरून ही कल्पना सुचली आणि १९७० च्या वर्ल्डकपला कार्डं पहिल्यांदा आली. एकमेकांची भाषा कळत नव्हती म्हणून कार्डं लागली. तुमच्या टर्फवरच्या पोरांना तुमची भाषा येते. एखाद्याने रागाने लाथ मारली तर त्याला हाताला धरून बाजूला घ्या, दोन मिनिटं बसवा, काय झालं विचारा, आणि परत पाठवा.

आता शिट्टी सोडायची का? माझं मत, सोडू नका, पण मुलाच्या मॅचला तुम्ही रेफ्री असायलाच पाहिजे असंही नाही. टर्फवर एका मागोमाग चार मॅचेस होत असतील तर दुसऱ्या एखाद्या पेरेंटला तयार करा, तो तुमच्या मुलाची मॅच घेईल आणि तुम्ही त्याच्या मुलाची. एवढ्याने तुमचा निम्मा ताण जाईल. आणि ज्या दिवशी इलाज नसेल, तुम्हालाच घ्यावी लागेल, त्या दिवशी मॅचच्या आधी दोन्ही टीमसमोर सांगून टाका, "हा माझा मुलगा आहे, मैदानात मी रेफ्री, चुकलं तर सगळ्यांचं सारखं चुकेल." मुलालाही घरी आधी सांगा, की मैदानात त्याने तुम्हाला आई म्हणून हाक मारली तरी तुम्ही रेफ्री म्हणूनच उत्तर द्याल. त्यांना हे जमतं, घरी टीचर-टीचर खेळतातच की.

एक वेगळा रस्ताही आहे, तो जर्मनीत निघाला. आखेनजवळ राल्फ क्लोर नावाच्या माणसाने लहान मुलांच्या मॅचेस रेफ्रीशिवाय सुरू केल्या. पोरं आपापसात ठरवतात कोणाचा बॉल, दोन्ही कोच एकत्र एकाच जागी उभे राहतात आणि अगदीच अडलं तरच बोलतात, आणि आईबाप मैदानापासून चांगले लांब. ते पुढे जर्मनीभर पसरलं. आपल्याला यात नवीन काय वाटणार, गल्लीत क्रिकेट खेळताना कुठे अंपायर होता. पण आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याचा निर्णय चालायचा आणि सगळ्यात लहान पोराला शेवटपर्यंत बॅटिंग मिळायची नाही, हेही खरंच आहे. म्हणून मला वाटतं एकमेकांना नीट न ओळखणाऱ्या सात वर्षांच्या मुलांमध्ये एक मोठं माणूस हवं. महिन्यातून एक रविवार मात्र असा करून बघा, तुम्ही नुसत्या कडेला उभ्या. आईबापांना लांब ठेवायची आयडिया तर दर रविवारी घ्या. सगळे पेरेंट्स एका बाजूला, जाळीच्या बाहेर, टाळ्या वाजवा, नावं घ्या, पण "मार", "पास दे", "रेफ्री काय बघतेय" हे बंद.

त्या ग्रुपवरच्या बाबांना ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे दोन्ही बाजूंनी अंगठे पडायला लागतात आणि भांडण होतं. त्यांना फोन करा आणि पुढच्या रविवारी दहा मिनिटांचा एक हाफ घ्यायला सांगा. टोमणा म्हणून नाही, मनापासून, कारण तुम्हाला खरंच अजून एक रेफ्री हवाय आणि ज्याला रूल्सची काळजी आहे तो माणूस उपयोगाचा असतो. घेतला तर उत्तम, नाही घेतला तरी तुमचं बोलणं झालेलं असेल.

मुलाशी मात्र आजच बोला, हे पत्र छापून येईपर्यंत बरेच दिवस गेले असतील तरी. निजायच्या वेळी, दिवा घालवल्यावर. त्याला सांगा की हो, मी बघितलं होतं, तो फाउल नव्हता कारण तिने तोंड वाचवलं, पण मी शिट्टी त्यामुळे थांबवली नाही, मी घाबरले होते की लोक काय म्हणतील, आणि ते माझं चुकलं. एवढंच. त्याला लगेच पटेल असं धरून चालू नका, "पण आपण हरलो ना" असं तो म्हणेल, तर म्हणा, हो, हरलो. समजूत घालायला चॉकलेट वगैरे नको.

आणि ताई, पूर्ण पत्रात एका जणीचं पुढे काय झालं हे मला कुठे सापडलं नाही. ती छोटी मुलगी. जवळून आलेला बॉल तिच्या हातावर बसला, वर अर्धी टीम तिच्यावर ओरडली आणि खेळ तसाच पुढे गेला. लागलं असणार तिला. पुढच्या रविवारी मॅचच्या आधी तिला गाठा, मुलाला बरोबर घ्या, तो यायला तयार असेल तर, आणि विचारा हात दुखत होता का.